फडावरची लावणी तबकडीवर आली तेव्हा

1962 साली ‘रंगल्या रात्री अशा’ हा मराठी चित्रपट आला आणि त्यातली एक लावणी चित्रपटाच्याही पुढे धावली. नाव-गाव विचारणाऱ्याला उलट सुनावणारी, स्वतःला कोल्हापूरची लवंगी मिरची म्हणवून घेणारी एक बाई जेमतेम तीन मिनिटांच्या तबकडीतून गावोगाव पोचली. शब्द जगदीश खेबुडकरांचे. कोल्हापूरकडच्या या तरुण शिक्षकाचं चित्रपटासाठी लिहिलेलं हे पहिलंच गाणं. चाल वसंत पवारांची आणि आवाज सुलोचना चव्हाणांचा. त्या तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या आणि त्याआधी दहा-बारा वर्षं तरी ध्वनिमुद्रणासाठी गात होत्या.

ज्या घरांमध्ये लावणी हा शब्दसुद्धा मोठ्यांसमोर काढायची सोय नव्हती, त्या घरांतही हे गाणं वाजलं. बायकांनी ते चुलीपाशी गुणगुणलं. असं होण्यासाठी आधीच्या पंधरा वर्षांत बरंच काही घडून गेलं होतं.

ढोलकीचा फड ही मुळात रात्रीची आणि पुरुषांची जागा. तिथे बाई गाते, नाचते, अदा करते. समोरची गर्दी फेटे उडवते, पैसे उधळते. फडावर उभ्या राहणाऱ्या बहुतेक जणी कोल्हाटी, महार, मांग समाजातल्या होत्या. त्यांच्या कलेवर जीव टाकणारा रसिक त्यांना आपल्या ओसरीवर बसवून घ्यायला तयार नसे. लावणीबद्दलचा महाराष्ट्राचा हा दुटप्पीपणा जुना आहे, पेशवाईपासूनचा. रामजोशी, होनाजी बाळा यांची कवनं पुस्तकांत मानाने छापली गेली. ती गाणाऱ्या बायकांच्या वाट्याला तो मान आला नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. अश्लीलता हे कारण. एका हुकुमाने कित्येक कुटुंबांची चूल थंडावली. फडमालकांनी, कलावंतांनी दाद मागितली. दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. वगाची संहिता तपासून घ्यायची, अमुक म्हणायचं नाही, तमुक करायचं नाही, अशा अटींवर तंबू पुन्हा उभे राहिले. गंमत आणि बतावणी ज्या उत्स्फूर्तपणावर जगते, त्यालाच या अटींनी वेसण घातली.

नेमक्या याच काळात चित्रपटाने लावणीचा हात धरला. 1947 साली राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला. ग. दि. माडगूळकरांची लेखणी, वसंत देसाईंचं संगीत आणि हंसा वाडकर. हा चित्रपट प्रचंड चालला आणि तमाशापटांची वाट मोकळी झाली. 1959 साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदमध्ये तब्बल 131 आठवडे चालला. त्यातली आशा भोसले यांनी गायलेली बुगडीची लावणी आजही कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तिची चालही वसंत पवारांचीच.

चित्रपटाने लावणीत एक मूलभूत बदल केला. फडावर नाचणारी आणि गाणारी एकच असते. दमही तिचा, घामही तिचा. पडद्यावर जयश्री गडकर किंवा हंसा वाडकर नाचणार आणि गळा दुसऱ्याच कुणाचा. पार्श्वगायनाच्या या सोयीमुळे फडावर कधी पाऊल न ठेवलेल्या गायिकेलाही लावणी गाता आली. सुलोचनाबाईंसाठी दार उघडलं ते इथे.

सुलोचना कदम यांचा जन्म 13 मार्च 1933चा, मुंबईत गिरगावातल्या फणसवाडीतला. घरचा ‘श्रीकृष्ण बाळमेळा’ होता. गणेशोत्सवातले मेळे म्हणजे त्या काळातल्या मुलांसाठी गाण्या-अभिनयाची खुली शाळाच. सुलोचना त्या शाळेत शिकली. शिवाय गुजराती रंगभूमीवर बालभूमिका केल्या. गुरू समोर बसवून घेतलेली तालीम नाही. ग्रामोफोनवर वाजणाऱ्या तबकड्या ऐकायच्या आणि जशाच्या तशा गळ्यावर चढवायच्या, ही तिची शिकण्याची रीत. वत्सलाबाई कुमठेकर यांच्या आवाजातली एक लावणी ती लहानपणी घरात म्हणत असे आणि त्यावरून आईची बोलणी खात असे. ज्या मुलीला लावणी गुणगुणल्याबद्दल ओरडा बसला, तिने ती तबकडीवरून उचलली होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. फड तिने पाहिलाच नव्हता. लावणी तिच्यापर्यंत आली ती नाचाशिवाय, गर्दीशिवाय, नुसता आवाज होऊन.

मेळ्याशी संबंधित एका रंगभूषाकाराच्या ओळखीने ती हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओत पोचली. ‘कृष्ण सुदामा’ हे तिचं पार्श्वगायनातलं पहिलं पाऊल. पुढच्या काही वर्षांत मोहम्मद रफी, मन्ना डे, शमशाद बेगम, गीता दत्त अशांच्या सोबतीने ती गायली. श्यामसुंदर यांनी संगीत दिलेल्या ‘ढोलक’ (1951) या चित्रपटातली तिची गाणी जुन्या हिंदी संगीताचे शौकीन अजून जपून ऐकतात. ती ऐकली की लक्षात येतं, या गळ्यात नुसता जोर नव्हता. गझलेचा हळवा सूरही होता.

पण हिंदीत काळ बदलत होता. 1949 साली ‘महल’ आणि ‘बरसात’ आले आणि लता मंगेशकरांच्या कोवळ्या, तारसप्तकात सहज फिरणाऱ्या आवाजाने नायिकेचा आवाज कसा असावा याचं मापच बदलून टाकलं. जोहराबाई, शमशाद बेगम यांचे भरदार, खुले आवाज हळूहळू मागे पडले. सुलोचनेचा आवाज या दुसऱ्या घराण्यातला. त्याला हिंदीत जागा कमी होत गेली, आणि मराठीत मात्र त्याच गुणाची गरज निर्माण झाली होती.

पन्नासच्या दशकाच्या आरंभी ‘हीच माझी लक्ष्मी’ या चित्रपटासाठी वसंत देसाईंनी तिच्याकडून एक लावणी गाऊन घेतली. मुंबईच्या कॉलेजातून पदव्या घेऊन परतलेल्या नवऱ्याबद्दल बोलणारी ही लावणी पडद्यावर हंसा वाडकर यांच्या वाट्याला होती. सुलोचनाबाईंची चित्रपटातली ही पहिली लावणी. त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ ही पदवी दिली आचार्य अत्रे यांनी, आणि ती त्यांच्या नावाला जन्मभर चिकटली.

मग आला ‘कलगीतुरा’. शाहिरीतले हे दोन जुने पक्ष: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला, एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने भर सभेत जबाब द्यायचा. या चित्रपटाच्या लावण्या लिहिल्या राजा बढे यांनी. आम्हा नागपूरकरांना इथे थोडं थांबावंसं वाटतं. राजाभाऊंचा जन्म नागपूरचा, 1912चा. महाराष्ट्रगीताचा हा कवी शृंगाराच्या रचनेतही तितकाच तयार होता आणि सुलोचनाबाईंच्या लावणीच्या पायाभरणीत त्याच्या शब्दांचा वाटा आहे. ही गोष्ट नागपुरात जितकी सांगितली जायला हवी तितकी जात नाही.

‘कलगीतुरा’चे दिग्दर्शक श्यामराव चव्हाण. गाण्यांच्या निमित्ताने ओळख झाली, पुढे लग्न झालं आणि सुलोचना कदम सुलोचना चव्हाण झाल्या. लावणी कशी म्हणायची हे आपल्याला नवऱ्याने शिकवलं, तेच आपले गुरू, असं त्या शेवटपर्यंत सांगत. चव्हाण स्वतः गायक नव्हते, पण शब्द कुठे तोडायचा, कुठे रेटायचा, कुठल्या अक्षरावर जोर दिला की अर्थाला धार येते, याची त्यांना जाण होती. ही शिकवण किती नेमकी होती ते तबकड्या ऐकल्यावर कळतं.

कारण तबकडीवर लावणी गाणं हे फडावर गाण्यापेक्षा वेगळं काम आहे. फडावर एक लावणी वाटेल तेवढी लांबते. समोरून फर्माईश येते, कडवं पुन्हा होतं, मध्ये ढोलकी आणि चाळांची जुगलबंदी रंगते, झीलकरी सूर लांबवतात. बाईने नुसती मान वळवली तरी एक ओळ गाण्याचं काम होतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीत एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळत. डोळे नाहीत, कंबर नाही, पदर नाही, समोर शिट्टी मारणारं कुणी नाही. एक माईक आणि काचेपलीकडे बसलेला ध्वनिमुद्रक.

सुलोचनाबाईंनी सगळी अदा उच्चारात आणली. त्यांच्या लावणीत व्यंजनं वाजतात. ‘च’, ‘ट’, ‘ड’ ही अक्षरं ढोलकीच्या शाईवर थाप पडावी तशी पडतात आणि लगेच पुढचा स्वर मोकळा सुटतो. ओळीच्या मध्येच एखादा शब्द त्या क्षणभर अडवून धरतात. ऐकणारा पुढे झुकतो आणि तेवढ्यात समेवर शब्द येऊन आदळतो. हसू शब्दात मिसळायचं, पण सूर हलू द्यायचा नाही, ही करामत तर फार थोड्यांना साधली. लवंगी मिरचीच्या लावणीत प्रश्न विचारणाऱ्याची फिरकी घेतली जाते, ती शब्दांत जितकी आहे त्याहून जास्त या थांबण्यात आणि सुटण्यात आहे. आशाबाईंच्या लावणीत लाडिक नखरा आहे. सुलोचनाबाईंच्या लावणीतली बाई समोरच्याच्या नजरेला नजर देऊन बोलते.

लवंगी मिरचीची तबकडी गाजली आणि पुढची तीन वर्षं सुलोचनाबाई आणि वसंत पवार या जोडीची होती. 1964च्या ‘सवाल माझा ऐका’ मध्ये सोळाव्या वर्षाच्या धोक्याची लावणी आली, पाटलाची खुशाली विचारणारी आली. 1965च्या ‘मल्हारी मार्तंड’ मध्ये माडगूळकरांनी पदरावरच्या जरतारी मोराचं गाणं दिलं आणि तुऱ्याला आलेल्या उसाच्या फडाचंही. या उसाच्या लावणीला काळाचा संदर्भ आहे. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने उभे राहत होते, उसाचं शिवार ही नवी दौलत झाली होती. राखण करायला सांगताना माडगूळकर एकाच प्रतिमेत शेत आणि तारुण्य दोन्ही बोलून जातात. लावणीतली सूचकता म्हणतात ती हीच. सुलोचनाबाई तिच्यावर बोट ठेवत नाहीत. सरळ, खणखणीत म्हणतात. दुसरा अर्थ ऐकणाऱ्याने आपला आपण घ्यायचा.

वसंत पवार 1965 सालीच गेले. तरुण वयात. सतारीवर हात असलेला, रागदारीची बैठक असलेला हा संगीतकार आणखी दहा वर्षं राहिला असता तर मराठी लावणी कुठे गेली असती, हा विचार मनात येतोच.

याआधीच्या काही दशकांत समुद्रापलीकडे फार वेगळ्या लोकांचं, पण ओळखीचं वाटावं असं काही घडलं होतं. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या गायिका तंबूंच्या खेळांतून ब्लूज गात फिरत. 1920 साली मेमी स्मिथने ‘क्रेझी ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं, ते धडाक्याने खपलं आणि कंपन्यांना कळलं की या आवाजांना गिऱ्हाईक आहे. 1923 पासून मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या निघू लागल्या. चर्चला जाणाऱ्या सभ्य काळ्या कुटुंबांत हे गाणं सैतानाचं मानलं जाई. आणि तरी ते घरात आलं, तबकडीतून. 1949 साली ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने या संगीताच्या यादीचं जुनं, वंशावरून पडलेलं नाव टाकून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव घेतलं. 1952च्या ऑगस्टमध्ये बिग मामा थॉर्नटनने ‘हाउंड डॉग’ गायलं. फिरत्या खेळांमध्ये तयार झालेला तिचा दणकट आवाज एका ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलतो. पुढच्या वर्षी ते गाणं त्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. 1956 साली तेच एल्विस प्रेस्लीने गायलं आणि जगभर पोचवलं. मूळ गायिकेच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही.

तंबूतली बाई, तिला नावं ठेवणारा समाज, तीन मिनिटांची तबकडी आणि पुरुषाला तोंडावर ऐकवणारा खणखणीत आवाज. इथवर दोन्ही कथा शेजारी-शेजारी चालतात. एक फरक मात्र डोळ्याआड करता येत नाही. बेसी स्मिथ किंवा बिग मामा या त्याच तंबूतून आल्या होत्या. सुलोचनाबाई फडातून आलेल्या नव्हत्या. त्या गिरगावातल्या, घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातल्या. आणि त्यांनी आपलं घरंदाजपण लावणीसाठी सोडलं नाही, उलट लावणीला त्याच्या सावलीत आणलं. व्यासपीठावर त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन उभ्या राहत, हातवारे नाहीत, ठुमका नाही. गळ्यातून शृंगार वाहतोय आणि देह एखाद्या कीर्तनाला आल्यासारखा स्थिर. हे चित्र पाहिलेल्यांना ते विसरता येत नाही. या पदरामुळेच आजीबाईंना लावणीच्या कार्यक्रमाला जाता आलं, असं मी म्हणेन. जो आवाज घरात यायला बिचकत होता त्याला त्यांनी माजघरापर्यंत नेलं.

आमच्या विदर्भात या तबकड्यांचं काम आणखी वेगळं झालं. पश्चिम महाराष्ट्रातला ढोलकीचा फड इकडचा नव्हे. आमच्याकडे खडी गंमत आणि झाडीपट्टीची दंडार. त्यांत बाईची भूमिका बहुधा पुरुष करी, लुगडं नेसून, चाळ बांधून. शिवाय नागपूर 1956 पर्यंत मुंबई राज्यात नव्हतंच. ते मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी. तमाशाबंदीचा वादही आमच्यासाठी परराज्यातला. त्यामुळे बाईच्या तोंडून ठसक्यात म्हटलेली लावणी इथल्या अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडली असेल ती टुरिंग टॉकीजच्या पडद्यावरून आणि गणपतीच्या मांडवातल्या भोंग्यावरून. कापसाच्या मुलखात लोक उसाच्या फडाची लावणी म्हणू लागले. 1960 साली महाराष्ट्र एक झाला तो कागदावर. कोल्हापूर आणि नागपूर एकाच वेळी एकच गाणं गुणगुणू लागले ते या चित्रपटांच्या आणि तबकड्यांच्या वर्षांत. मला तरी या दुसऱ्या एकीकरणाचं मोल पहिल्यापेक्षा कमी वाटत नाही.

या यशाची किंमत कुणी दिली, तेही सांगायला हवं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारखी जबरदस्त कलावती त्याच वर्षांत गावोगाव तंबू गाजवत होती. 1957 साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आलं. 2002 साली त्या गेल्या तेव्हा घरात हलाखी होती. बैठकीच्या लावणीची भाव-अदा ज्यांनी जिवंत ठेवली त्या यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली ती 2012 साली, वयाच्या नव्वदीनंतर. या बायकांचं ऐन उमेदीतलं गाणं कंपन्यांनी ज्या प्रमाणात नोंदवून ठेवायला हवं होतं त्या प्रमाणात ठेवलं नाही. ज्यांच्याकडून चित्रपटाने लावणी घेतली त्यांचा आवाज विरत गेला आणि स्टुडिओतला राहिला. याचा दोष सुलोचनाबाईंकडे जात नाही. त्यांनी समोर आलेलं काम जीव ओतून केलं. पण माईक कुणापुढे ठेवायचा हे ठरवणाऱ्या कंपन्या आणि निर्माते यांना फडाच्या दारापर्यंत जावंसं वाटलं नाही, हे खरं आहे.

सुलोचनाबाईंनाही सरकारी मान उशिरानेच मिळाले. 2010 साली राज्याचा लता मंगेशकर पुरस्कार, 2012 साली संगीत नाटक अकादमी, 2022 साली पद्मश्री. आणि त्याच वर्षी 10 डिसेंबरला मुंबईत त्या गेल्या. आपली हकीकत त्यांनी ‘माझं गाणं माझं जगणं’ या आत्मचरित्रात सांगून ठेवली आहे. चिरंजीव विजय चव्हाण ढोलकीवादक म्हणून नावाजले.

फडांवर या तबकड्यांचा जो परिणाम झाला तो कुणी योजला नव्हता. साठ-सत्तरच्या दशकांत तमाशाचा प्रेक्षक तंबूत बसून चित्रपटातल्या लावण्यांची फर्माईश करू लागला. 1972 साली ‘पिंजरा’ आला, राम कदमांच्या चाली आणि उषा मंगेशकरांचा आवाज घराघरांत गेला आणि ही मागणी आणखी वाढली. फडावरच्या मुलींनी ग्रामोफोन, पुढे कॅसेट ऐकून ती गाणी बसवली. फडासाठी खास रचणारे शाहीर मागे पडले, सवाल-जवाब आटले, वग रात्री उशिरावर ढकलला गेला. आज लावणी महोत्सवात स्पर्धक मुलगी नऊवारी नेसून, पायात चाळ बांधून उभी राहते तेव्हा कितीदा तरी ध्वनिमुद्रित गाणंच लावलेलं असतं. ढोलकी भोंग्यातून वाजते, मुलगी ओठ हलवते आणि गळा सुलोचनाबाईंचा असतो, 1962 सालचा.